बाबांनी रंगवलेला राजवाडा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर एक नाट्यगृह आहे. त्याच्या दाराशी मोठा फलक असतो आणि येत्या महिन्यात तिथे काय काय होणार ते त्यावर लिहिलेलं असतं. भाजी आणायला निघालेली मी त्या फलकासमोर हमखास थांबते. घरात मला चिडवतात, की हिला नाटकापेक्षा नाटकाची जाहिरातच जास्त आवडते. खोटं नाही ते. त्या एका फलकावर शनिवारी दुपारी विनोदी नाटक असतं, रविवारी सकाळी रत्नागिरीकडच्या एखाद्या गावाच्या मुंबईकर मंडळाचं नमन, संध्याकाळी कुणाच्या तरी मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम. एप्रिलात जयंतीनिमित्त भीमगीतं असतात. मधेच एखादी शाळा आपलं स्नेहसंमेलन घुसवते. वरच्या मजल्यावर छोटंसं कलादालन आहे, तिथे कधी बायकांनी हौसेने काढलेली जलरंगातली चित्रं, कधी खाडीवरच्या पक्ष्यांचे फोटो, दिवाळीत रांगोळ्या. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं बघायला मी जात नाही. पण एवढं सगळं अजून व्हायचं बाकी आहे, या विचाराने मला दर वेळी फार बरं वाटतं.

गेल्या थंडीत त्या फलकावर कलादालनाखाली एक नवीन मजकूर दिसला. हौशी रंगभूमीवरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. मुकुट, लाकडी तलवारी, दाढीमिशा, पायपेटी, ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणून द्यावं, असं आवाहन होतं. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा वाचलं. कारण माझ्या बाबांचे पडदे होते.

बाबा मूळचे मालवणकडचे. तरुणपणी परळला गिरणीत होते, संपानंतर भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात लागले, आणि आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. पण नोकरीबाहेर त्यांचा एक वेगळाच उद्योग होता. आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाची नाटकं व्हायची. पौराणिक, ऐतिहासिक, जे हाताला लागेल ते. त्या नाटकांचे मागचे पडदे बाबा रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता आणि देऊळ. या चार पडद्यांत मंडळाने जगातली सगळी नाटकं बसवली. कुठल्याही देशाचा राजा असला तरी त्याला आमच्या बाबांच्या राजवाड्यातच उतरावं लागायचं.

हे काम ते कोणाकडे शिकले नव्हते. गावच्या जत्रेत बघून बघून हात बसला होता, एवढंच. रविवारी जवळच्या शाळेचा हॉल मागून घ्यायचे. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं भलंमोठं कापड जमिनीवर ताणून पसरायचं आणि बाबा त्या कापडावरच अनवाणी उभे राहायचे. ब्रश लांब काठीला बांधलेला, त्यामुळे वाकायला नको. पुडीचे रंग सरसात कालवलेले असायचे. सरस म्हणजे हाडांपासून काढलेला डिंक. तो घरी स्टोव्हवर शिजवताना असा काही वास सुटायचा, की शेजारी दारं लावून घ्यायचे. आई नाकाला पदर लावून म्हणायची, तुमच्या राजाला सांगा, येताना अत्तर घेऊन ये.

मी तेव्हा शाळेत होते. हॉलच्या भिंतीला टेकून बसायचे आणि बाबा राजवाड्यात चालताना बघायचे. एकदा राजवाडा पुरा होत आला तेव्हा मला दिसलं, की कडेला खांब, वेली, हत्ती, पोपट, वरती महिरप, सगळी नुसती गर्दी आहे आणि मधे मोठ्ठी जागा फिकट पिवळी, कोरी. मला वाटलं, बाबा कंटाळले. मी विचारलं, "मधे काहीच नाही काढलंत?"

"मधी माणसां येतली," बाबा म्हणाले. "थंय चित्र काढलंय तर लोक नटाक बघतले की चित्राक? आपण काय तां कडेक करूचां."

तो त्यांचा नियमच होता. चारही पडद्यांत मध्य मोकळा. लग्नाकार्यातही ते असेच कुठल्यातरी खांबाला टेकून उभे असतात. फोटो काढायच्या वेळी त्यांना शोधून ओढून आणावं लागतं.

आता खरी गोष्ट सांगते. बाबांनी आपला एकही पडदा समोरून पाहिलेला नव्हता. रंगवताना ते त्याच्यावर उभे असायचे, आणि पायाखालचं चित्र ते कसलं दिसणार. प्रयोगाला ते विंगेत, दोरीपाशी. कारण पडदे गुंडाळायचं, सोडायचं कामही त्यांचंच. पडदा उघडला की राजवाडा बघून लोक टाळी वाजवायचे आणि ती टाळी बाबा पलीकडून ऐकायचे. मंडळातले लोक म्हणायचे, अहो, एकदा समोर येऊन बसा. बाबा म्हणायचे, मग दोरी कोण धरणार. पुढच्या वर्षी बसू, पुढच्या वर्षी बसू, असं करता करता गिरण्या गेल्या, माणसं पांगली, मंडळाची नाटकं बंद झाली. मी पडदे समोरून पाहिले होते, पण लहानपणी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, अर्ध्या झोपेत. "पडदा लांबून बघायचा असतो," बाबा अजूनही अधूनमधून म्हणायचे, पण कोणाला ऐकवण्यासाठी नाही.

आणि आता त्यांचे डोळे गेले होते. अगदी अंधार नाही. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं, की नजरेचा मधला भाग गेलाय, तो परत येणार नाही, कडेचं मात्र दिसत राहील. पेपर बंद झाला, टीव्ही बंद झाला. भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, काटे दिसायचे नाहीत. समोरच्या माणसाकडे सरळ पाहिलं तर त्याच्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग. त्यावर बाबांनी स्वतःच एक युक्ती काढली होती. माझा चेहरा बघायचा असला की ते मान वळवून माझ्या खांद्याच्या पलीकडे बघायचे, म्हणजे मी कडेच्या नजरेत यायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा तुसडा आहे, बोलताना तोंड फिरवतो. मलाही सुरुवातीला राग यायचा. नंतर सवय झाली, आणि मग तर असं झालं, की बाबा माझ्याकडे सरळ तोंड करून बोलले की मला कळायचं, आत्ता मी त्यांना दिसत नाहीये.

पडदे कांजूरमार्गच्या एका चाळीत होते. तिथे मंडळाची खोली होती, तिच्या माळ्यावर. मी फोन केला तर मंडळातले एक काका म्हणाले, "बरं झालं केलास. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय. खोली खाली करायचीय. घेऊन जा गं, नाहीतर डम्पिंगला जातील." नवरा टेम्पो घेऊन गेला आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या चार लांबलचक वळकट्या घेऊन आला. सोसायटीच्या जिन्यातून त्या वर न्यायचा प्रश्नच नव्हता. सरळ नाट्यगृहावर नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि विचारलं, "कधी जायचं?"

नाट्यगृहाचे व्यवस्थापक भला माणूस. प्रत्येक वाक्य "टेन्शन घेऊ नका" ने सुरू करायचं आणि सगळं टेन्शन स्वतः घ्यायचं, असा त्यांचा स्वभाव. कलादालनाची लांबी त्यांनी मोजली होती, मीही मोजली होती. उंची कोणीच मोजली नव्हती. राजवाडा छताला अडकवला तर वरची महिरप आणि पोपट तेवढे भिंतीवर राहिले आणि बाकीचा राजवाडा जमिनीवर ढीग होऊन पडला. बाबा पुढे गेले. नाक लावून बघितलं, बोटांनी चाचपलं, वास घेतला. मग माझ्या दिशेने वळून म्हणाले, "सरस टिकलाय." आणि थोड्या वेळाने, "काही दिसत नाही गं. जवळून तेव्हाही डागच दिसायचे. चल घरी."

घरी येताना रिक्षात मला इतकं वाईट वाटत होतं, की मी रिक्षावाल्यावरच खेकसले, काही कारण नसताना. उभ्या आयुष्यात या माणसाने एकच गोष्ट मनापासून मागितली होती, एकदा खुर्चीत बसून आपला पडदा बघायची, आणि ती आम्ही जमिनीवर ढीग करून दाखवली.

संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. "टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "मी विचार करतोय, पडदे नाटकाचे ना? मग स्टेजवरच लावूया की. मंगळवारी सकाळी स्टेज मोकळं आहे. संध्याकाळच्या नाटकाचा सेट दुपारनंतर येतो. लोक खुर्च्यांत बसतील, आम्ही एकेक पडदा सोडू."

खरंतर त्यांना हे आधीच सुचायला हवं होतं आणि मलाही. पण चित्रांची जागा वर आणि नाटकाची खाली, असं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

सोमवारी फलक बदलला. शनिवारचं विनोदी नाटक, रविवारचा वाद्यवृंद, आणि त्यांच्या वरती: मंगळवारी सकाळी, चार रंगवलेले पडदे, नट नाहीत, प्रवेश सर्वांना. मी बाबांना हाताला धरून फलकासमोर नेलं आणि वाचून दाखवलं. बाबा मान तिरकी करून बघत राहिले. अक्षरं त्यांना लागत नव्हती हे मला माहीत होतं.

"नट नाहीत?" ते म्हणाले. "मग बघायला कोण कुत्रं येणार?"

"मी येणार."

"तू काय, तू फलक बघायला पण येतेस."

मंगळवारी माणसं बऱ्यापैकी आली. मुकुट-तलवारी आणून देणारे लोक, सकाळी फिरून परतणारे आजी-आजोबा, कांजूरवरून मंडळातले काका. बाबांना मी मधल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीत बसवलं. त्यांनी खुर्चीचे हात चाचपून पाहिले आणि पाय जवळ घेऊन बसले, पाहुण्याच्या घरी बसतात तसे. मला धाकधूक होत होती. लांबूनही नाहीच दिसलं तर? कलादालनात निदान उंचीचं कारण होतं. इथे कुठलंच कारण उरणार नव्हतं.

दिवे मंद झाले. घंटा झाली. मग दुसरी. या घंटा आयुष्यभर बाबांनी विंगेत ऐकलेल्या. तिसऱ्या घंटेला त्यांची मूठ आवळली गेली, जणू हातात दोरी होती. आणि दर्शनी पडदा सरकला.

समोर राजवाडा होता आणि तो उलटा होता. हत्तींचे पाय वरती, पोपट खाली, खांब छतातून लोंबताहेत. झालं असं होतं, की जुन्या पडद्याला खालच्या कडेला बांबू असतो, त्याच्यावर पडदा गुंडाळत वर न्यायचा. आणि नाट्यगृहाच्या आताच्या कामगारांनी बांबू दिसला म्हणून तीच बाजू वरची समजून टांगली. सभागृहात कोणी हसलं नाही. व्यवस्थापकांनी दारातच सांगितल्यामुळे सगळ्यांना ठाऊक होतं की हे पडदे ज्यांचे ते इथे बसलेत आणि त्यांना दिसत नाही. व्यवस्थापक कडेला उभे राहून माझ्याकडे बघत होते, त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी मनात म्हटलं, असू दे, आपण सांगायचंच नाही.

"पडदो उलटो टांगलात रे," बाबा मोठ्याने म्हणाले. "बांबू खाली येता."

आता मात्र सगळं सभागृह हसलं. मला हसू आलं नाही. मी बाबांचा दंड इतका घट्ट धरला, की ते म्हणाले, "सोड गो, दुखतं."

दर्शनी पडदा बंद झाला. आत पळापळ ऐकू येत होती. बाबांची मान ताठ झाली होती. मग पुन्हा, न मागता, कोणीतरी तिन्ही घंटा दिल्या.

त्यानंतर जे समोर आलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी इतकी वर्षं त्या पडद्यांबद्दल बोलत आले होते, "आमचे बाबा पडदे रंगवायचे" असं पाहुण्यांना सांगत आले होते, आणि मला काहीही माहीत नव्हतं. केवढा होता तो राजवाडा. निळीच्या रंगाचे खांब वर वर जात होते आणि वरच्या महिरपीत नाहीसे होत होते. त्यांच्यावर गेरूच्या रंगाच्या वेली, आणि एकही पान दुसऱ्यासारखं नाही. दोन्ही कडांना दोन हत्ती सोंडेत हार घेऊन उभे. उजवीकडे खिडकी, खिडकीत समई, आणि त्या समईचा उजेड खांबावर पडलेला, म्हणजे नुसता एक पिवळा फराटा, पण जवळ जाऊन हात शेकावा असा. मांजरपाटाचे जोड दिसत होते, गुंडाळल्याच्या चुण्या दिसत होत्या, एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. त्याने काहीच बिघडत नव्हतं. आमची तेव्हाची खोली एवढीशी, त्यात आम्ही पाच माणसं, मोरीत उभं राहून कपडे बदलायचो. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा एवढा राजवाडा मावला होता आणि तो रोज त्याच डोक्यावर टोपी घालून गिरणीत जात होता. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मान इकडे केली नाही, तिकडे केली नाही. सरळ समोर, पडद्याच्या ऐन मध्यावर नजर लावून बसले होते.

"उजवो खांब वाकडो झालो," ते शेवटी म्हणाले. "आणि इतक्या वर्षांत एकान सांगूक नाय."

"बाबा, तुम्हाला खांब दिसतो?"

"मगे? हत्ती दिसतत. पोपट दिसतत. ती खिडकी."  मग फार हळू म्हणाले, "माका सगळां दिसलां गो. मधी काय नव्हतांच."

मला ते कळायला एक क्षण लागला. त्यांच्या नजरेतला मध्य गेला होता, आणि मध्यावर त्यांनी काही काढलंच नव्हतं. आम्हा सगळ्यांना जेवढा राजवाडा दिसत होता, तेवढाच, एका पानाचाही फरक न होता, बाबांना दिसत होता. त्या सभागृहात इतर कुठलंही चित्र लावलं असतं तर असं झालं नसतं. 

व्यवस्थापक पुढे आले, "काका, जंगल सोडू आता?"

"थांबा जरा," बाबा म्हणाले. मग माझ्या मांडीवर थाप मारली. "चेडवा, जा. मधी उभी रव."

"मी? मी काय करू तिकडे?"

"काय करूचां नाय. नुसती उभी रव. माणूस नाय तर पडदो पुरो होणा नाय."

मी पायऱ्या चढून वर गेले. चपला विंगेत काढल्या, स्टेजवर त्या घालून जायच्या नसतात हे बाबांनीच लहानपणी शिकवलेलं. राजवाड्यासमोर त्या फिकट पिवळ्या जागेच्या मधोमध जाऊन उभी राहिले. साडी नव्हती, साजशृंगार नव्हता, अंगात रोजचा पंजाबी ड्रेस आणि हातात मोबाइल. डोळ्यांवर दिवे येत होते, तरी मधल्या रांगेतले बाबा मला दिसत होते. ते सरळ माझ्याकडे तोंड करून बसले होते. म्हणजे मी त्यांना दिसत नव्हते. राजवाडा होता, हत्ती होते, आणि मी होते तिथे त्यांच्या नजरेत डाग होता.

तसेच ते थोडा वेळ राहिले. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मग बाबांनी हळूहळू मान वळवली, माझ्यापासून दूर, पार डावीकडे, जिथे बाहेर जायचं दार आहे तिकडे, आणि तिथेच ठेवली.

त्यांना बाहेर जायचंय असं व्यवस्थापकांना वाटलं. ते लगबगीने रांगेत शिरले आणि हात देऊन बाबांना उठवायला लागले.

"बसू द्या त्यांना," मी वरूनच म्हटलं. "ते मला बघतायत."